ब्रिटनने युरोपीय संघ सोडला ते बरोबर की चूक? उद्यमबागेतल्या कागदपत्रवाल्याचं उत्तर

निपाणीहून एका वाचकाने विचारलंय: "कॉलेजात वादविवाद आहे. देशाने एखाद्या राजकीय-आर्थिक संघात राहावं की बाहेर पडावं, हा विषय. मला 'राहावं' ही बाजू मिळालीय. माझा चुलतभाऊ म्हणतो, ब्रिटनने स्वाभिमान दाखवला. वर्गातले दोघं-तिघं तर आपल्या सीमाप्रश्नालाही ब्रेक्झिटचा दाखला देतात. तुमचं मत काय?"

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉपच्या निर्यातीची कागदपत्रं बघणं हे माझं काम. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, न्हावा शेव्याच्या कस्टम्स ब्रोकरशी रोजची हुज्जत. पंपाची, व्हॉल्व्हची, हायड्रॉलिकची कास्टिंग इथून इंग्लंडला जातात, जर्मनीला जातात, इटलीलाही जातात. म्हणजे मी हा विषय बंदरावरच्या कागदावरून बघत आलो. या जागेवरून काही गोष्टी फार स्वच्छ दिसतात आणि काही अजिबातच दिसत नाहीत, हे धरून पुढचं वाचा.

वादविवादात विषय दोन टोकांत मांडतात, राहा नाहीतर पडा. खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. कोणते निर्णय शेजाऱ्यांबरोबर बसून घ्यायचे, कोणते एकट्याने, आणि पहिल्या प्रकारातून काय पदरात पडतं? युरोपात याची एकच पायरी नाही. तुर्कस्तान संघाचा सदस्य नाही, पण १९९६ पासून औद्योगिक मालापुरता त्यांच्या कस्टम्स युनियनमध्ये आहे (म्हणजे आपसात ड्युटी नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांची एकच ड्युटी). नॉर्वे सदस्य नाही, कस्टम्स युनियनमध्येही नाही, तरी एकसंध बाजारपेठेत आहे आणि त्या बाजारपेठेचे नियम मुकाट्याने लागू करतो. स्वित्झर्लंडने एकेका विषयावर वेगळे करार केलेत. आणि ब्रिटन? १९७३ पासून आत, पण पौंड स्वतःचा, सीमेवर तपासणीशिवाय प्रवासाच्या शेंगेन व्यवस्थेत सामील नाही, आणि तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूटही खिशात. म्हणजे बाहेर पडण्याआधीच ते उंबरठ्यावर बसल्यासारखे होते. तुमच्या चुलतभावाला हे सांगा, कारण ब्रिटन युरोपात पूर्ण बुडालेलं होतं आणि २०१६ मध्ये त्याने मान वर काढली, अशी त्याची समजूत असेल तर ती बरोबर नाही.

एकसंध बाजारपेठ म्हणजे नेमकं काय, हे निपाणीच्या माणसाला पुस्तक न उघडता कळावं. कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आठवा, जुलै २०१७ च्या आधीचा. इथून कोल्हापूरला, शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला, मशीनिंगसाठी माल जायचा. अंतर दोन-अडीच तासांचं. पण राज्य बदललं की कर बदलला, विक्रीकराचा फॉर्म आला, नाक्यावर गाडी लागली. एखाद्या कागदावर शिक्का राहिला की ड्रायव्हर फोन करून विचारणार, "साहेब, सोडत नाहीत, काय करू?" जीएसटी आला म्हणून कर संपला असं कुणी म्हणणार नाही, उलट कापणी व्यवस्थित चालू आहे. पण विक्रीकराचे नाके उठले, गाडी थांबायची बंद झाली. मालकाला तोवर कळलंच नव्हतं की नाक्यावर कराइतकाच वेळही भरावा लागतो. पुढे २०२१ मध्ये कोरोनाच्या चाचणीचा दाखला मागायला त्याच कोगनोळीला पोलीस उभे राहिले, तेव्हा रोज ये-जा करणाऱ्यांना जुने दिवस पुन्हा आठवले. युरोपीय संघाने १९९३ पासून आपल्या सदस्य देशांमध्ये हे नाके काढले होते. ब्रिटनने ते स्वतःहून पुन्हा उभे केले, आणि तेही आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या दारात. ब्रिटनच्या निर्यातीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग युरोपीय संघात जात होता.

आता आमच्या बाजूने काय दिसलं ते सांगतो. ते वर्तमानपत्रात फारसं आलं नाही.

जनमत कौल झाला २३ जून २०१६ ला. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. प्रत्यक्ष संघ सोडला ३१ जानेवारी २०२० ला, आणि जुन्याच नियमांवर चालायची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होती. मुदत संपायला आठवडा उरला असताना, २४ डिसेंबरला, व्यापार करार ठरला. बातम्यांत आलं, "शून्य ड्युटी, कोटा नाही." आमच्याकडच्या मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी म्हणालो, थांबा, माल मुळात कुठला ते ठरवणारं ओरिजिनचं कलम वाचूया.

त्यात मेख होती. शून्य ड्युटी ही ब्रिटनमध्ये किंवा युरोपात 'तयार झालेल्या' मालाला. आमचा माल भारतीय. आमच्यासारख्या लहान निर्यातदारांची जुनी पद्धत अशी की इंग्लंडमध्ये एक गोदाम, तिथे कंटेनर उतरवायचा, एकदाच ड्युटी भरायची आणि तिथून गरजेप्रमाणे पेट्या जर्मनीला, हॉलंडला, फ्रान्सला पाठवायच्या. भाषा इंग्रजी, त्यामुळे गोदामवाल्याशी बोलणं सोपं. २०२१ च्या जानेवारीपासून तोच माल इंग्लंडमध्ये एकदा आयात आणि जर्मनीत पुन्हा नव्याने आयात असा धरला जाऊ लागला. दोन्हीकडे एंट्री, दोन्हीकडे व्हॅटचा घोळ, दोन्हीकडे वेगळा नोंदणी क्रमांक. ओतीव लोखंडावरची ड्युटी तशी किरकोळ असते, तिने कुणी बुडत नाही. पण कपड्यासारख्या मालावर युरोपात बारा टक्क्यांपर्यंत ड्युटी आहे, तिथे दोनदा भरून धंदा होत नाही. बॉण्डेड गोदामात, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखाली ड्युटी न भरता, ठेवून पुढे पाठवलं तर ड्युटी वाचते, हे खरं. मग ते सांभाळायला जास्तीचा माणूस लागतो, आणि महिन्याला चार पॅलेट पाठवणाऱ्याला तो परवडत नाही. इंग्लंडमध्ये कास्टिंगवर मशीनिंग होऊन, जोडणी होऊन वस्तू पुरती बदलली तर ती ब्रिटिश ठरू शकते. तेही सिद्ध करायला भारतीय भाग किती आणि तिथली भर किती, याचा हिशेब गिऱ्हाइकाला ठेवावा लागतो. जे मोठे होते त्यांनी ठेवला. लहान होते त्यांनी "युरोपचा माल तुम्ही परस्पर रॉटरडॅमला पाठवा" असं कळवलं.

म्हणजे बघा, गोदामाचं भाडं, फोर्कलिफ्टवाल्याचा पगार, स्थानिक ट्रकवाल्याचं काम, सगळं इंग्लंडमधून उठून हॉलंडला गेलं. आमचं नुकसान काही महिन्यांच्या गोंधळाएवढंच होतं. त्यांचं कायमचं. आणि यात युरोपने कुणाला शिक्षा केली असं नव्हे. बाहेरच्या देशाला लागू असलेले नियमच त्यांनी लावले.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. "आमचे नियम आम्ही करू" ही बाहेर पडणाऱ्यांची मुख्य घोषणा होती. मालाच्या सुरक्षिततेसाठी युरोपचा सीई मार्क असतो, तुमच्या मोबाईलच्या चार्जरवरही दिसेल. ब्रिटनने स्वतःचा यूकेसीए मार्क काढला. आमच्या गिऱ्हाइकांची पत्रं आली, नवा मार्क, नवी चाचणी, नवी फाइल तयार ठेवा. तारीख पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की बहुतेक मालासाठी सीई मार्क बेमुदत चालेल. कारण साधं होतं. एका देशासाठी वेगळी चाचणी करून घ्यायला जगातले कारखानदार तयार नव्हते आणि ब्रिटनमधलेही नव्हते, कारण त्यांनाही युरोपात माल विकायचा होता. पूर्वी सीईचे नियम ठरताना त्या टेबलाशी ब्रिटनचा माणूस बसलेला असे. आता नियम तेच, फक्त टेबलाशी खुर्ची नाही.

कार्बनचंही तेच होऊ घातलंय. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरेंवर, ते बनवताना निघालेल्या कार्बनप्रमाणे शुल्क लावायची पद्धत आणली. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती द्यायची आणि जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर प्रत्यक्ष पैसे. ब्रिटनने आपली वेगळी पद्धत २०२७ साठी जाहीर केली आणि पुढे २०२५ मध्ये दोन्हीकडच्या कार्बनच्या बाजारपेठा जोडून घ्यायच्या दिशेने पाऊलही टाकलं. वेगळं ठेवलं तर त्यांच्याच पोलादाला युरोपात अडचण.

इथवर वाचून मी पूर्ण 'राहा' पक्षाचा वाटेन. पण वादविवादात समोरच्याला हलकं समजू नका. त्याच्याकडे दोन-तीन चांगले मुद्दे आहेत.

एक म्हणजे, लोकांना विचारलं होतं एक आणि झालं भलतंच, ही तक्रार पोकळ नव्हती. १९७५ मध्येही ब्रिटनमध्ये कौल झाला होता आणि ६७ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं होतं. तेव्हा त्याला सगळे 'कॉमन मार्केट' म्हणत. पुढे १९९२ चा मास्ट्रिख्ट करार आला, संघ झाला, नागरिकत्व आलं, सदस्य देशांच्या कायद्यावर संघाचा कायदा वरचढ असल्याची जाणीव वाढली. व्यापारासाठी हात मिळवलेल्या माणसाला मध्येच कळावं की एकत्र कुटुंबाचा कागदही झालाय, तर तो चिडणारच.

दोन, आत राहून काय हाल होतात ते ग्रीसमध्ये दिसलं होतं. जुलै २०१५ मध्ये कर्ज देणाऱ्यांच्या अटींना ६१ टक्के ग्रीक मतदारांनी 'नाही' म्हटलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या सरकारला तशाच, किंबहुना जास्त कडक अटी मान्य कराव्या लागल्या. चलन स्वतःचं नसलं की मताला किती किंमत राहते, हा प्रश्न ब्रिटिश माणसाने टीव्हीवर बघून विचारला तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. अर्थात ब्रिटनचं चलन स्वतःचं होतं, म्हणून ग्रीसचा दाखला त्यांना पुरता लागू नव्हता.

आणि तिसरा मुद्दा आपल्या भागातल्या माणसाने तरी समजून घ्यावा. लोक मत देताना फक्त खतावणी उघडून बसत नाहीत. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला युरोपचा भरपूर निधी मिळत होता, तरी कॉर्नवॉलने बाहेर पडायला मत दिलं. लंडनचे अर्थतज्ज्ञ डोकं धरून बसले. बेळगावात कुणाला नवल वाटणार नाही. १९५६ पासून इथली माणसं ज्या मागणीसाठी मोर्चे काढत आलीत, तिचा फायदा-तोटा रुपयांत कुणी मांडला होता? "आम्हाला विचारलं नाही" हे दुःख रस्ते करून आणि अनुदान देऊन जात नाही. ब्रिटनच्या बाहेर पडणाऱ्यांना सरसकट मूर्ख म्हणणाऱ्यांशी माझं म्हणून पटत नाही. माझी तक्रार त्यांच्या पुढाऱ्यांबद्दल आहे.

कारण कौलाच्या कागदावर 'बाहेर' असा एकच पर्याय होता, आणि बाहेर म्हणजे नॉर्वेसारखं, तुर्कस्तानसारखं, स्वित्झर्लंडसारखं की कॅनडासारखा नुसता व्यापार करार, हे कुणीच सांगितलं नाही. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलं होतं, आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. त्यात ती थॅचरबाईंची सूट वजा केलेलीच नव्हती, आणि तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा ठरवला. कौलानंतर साडेतीन वर्षं संसद आपसात भांडत राहिली. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार जानेवारी २०१९ मध्ये २३० मतांनी पडला, नंतर आणखी दोनदा पडला. बाहेर पडण्यावर बहुमत होतं, पण कोणत्याही एका प्रकारच्या बाहेरवर नव्हतं.

आणि आयर्लंड! प्रचारात हा विषय जवळपास नव्हताच. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यात सुमारे पाचशे किलोमीटरची हद्द आहे, शेतांतून, गल्ल्यांतून जाणारी. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथले लष्करी नाके गेले आणि दोन्ही बाजू एकाच बाजारपेठेत असल्यामुळे मालासाठीही थांबायचं कारण उरलं नाही. ब्रिटन बाहेर पडल्यावर हद्द कुठेतरी धरावी लागणारच होती. जमिनीवर धरली तर जुना रक्तपात उकरला जाण्याची भीती. म्हणून ती समुद्रात धरली, म्हणजे ब्रिटनमधून ब्रिटनच्याच एका भागात जाणाऱ्या मालाची तपासणी. त्यावर ब्रिटनशीच जोडलेलं राहू म्हणणारे तिथले युनियनवादी खवळले. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेल्या विंडसर आराखड्याने त्रास कमी केला, मिटवला नाही. बाची, कोगनोळी, शिनोळी अशी सीमेवरची गावं ज्यांच्या येण्याजाण्यात आहेत, त्यांना नकाशावरची रेघ माणसाच्या पायात कशी येते ते निराळं सांगायला नको.

स्थलांतराचं तर उलटंच झालं. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश संघात आले तेव्हा ब्रिटनने त्यांच्या कामगारांना लगेच दार उघडलं. जर्मनी-फ्रान्सने वर्षानुवर्षं रोखून धरलं होतं. त्या गर्दीचा राग २०१६ मध्ये मतपेटीत उतरला. बाहेर पडल्यावर युरोपातली माणसं घटली आणि बाहेरून इतकी आली की २०२३ च्या सुमारास वर्षाची निव्वळ भर नऊ लाखांच्या पुढे गेली. त्यात आपली मुलं पुष्कळ होती, शिकायला गेलेली आणि इस्पितळांत, वृद्धाश्रमांत कामाला लागलेली. आपल्याला बरं झालं म्हणायचं, पण ज्यांनी गर्दी कमी करायला मत दिलं त्यांना काय वाटलं असेल!

तुमच्या वर्गमित्रांनी काढलेल्या सीमाप्रश्नाबद्दल मोजकंच सांगतो. तो दाखला वापरू नका, कोणत्याच बाजूने. युरोपीय संघाच्या करारात कलम ५० आहे, सदस्य देशाला बाहेर पडायची वाट ते देतं. भारत हा राज्यांचा संघ आहे आणि राज्याला बाहेर पडायची वाट आपल्या घटनेत नाही, आणि सीमाप्रश्नात ती कुणी मागतही नाही. राज्यांच्या हद्दी बदलायचा अधिकार कलम ३ प्रमाणे संसदेकडे आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार यांचा प्रश्न एकाच देशात, एकाच बाजारपेठेत, कोणत्या राज्यात राहायचं याचा आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे ना चलन बदलायचंय ना कस्टम्स. ब्रेक्झिटशी त्याची सांगड घातली की आपल्याच मागणीला नको तो वास लागतो.

तर माझं उत्तर. ज्या देशाचा निम्म्याच्या आसपास व्यापार शेजारच्या एका मोठ्या बाजारपेठेशी आहे आणि जो चाळीसएक वर्षं तिच्यात गुंतलाय, त्याने आत राहून भांडावं. बाहेर पडल्यावरही ते नियम पाळावेच लागतात. ब्रिटनच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने धरलंय की संघात राहिले असते त्या मानाने दीर्घ मुदतीत उत्पादकता चार टक्क्यांनी कमी राहील. जो कधी आत गेलाच नाही, त्याचं गणित निराळं. नॉर्वेकडे तेल आहे, मासे आहेत, माणसं कमी आहेत, त्याला त्याची तडजोड पुरते. ग्रीनलंडने मासेमारीसाठी १९८५ मध्ये युरोपीय समूह सोडला आणि त्याचं बरं चाललं, कारण तिथे सोडण्यासारखा गुंता फार नव्हता. आणि चलनही एक असेल तर बाहेर पडणं ही वेगळीच शस्त्रक्रिया आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही.

समोरचा म्हणेल, बाहेर पडल्यामुळेच ब्रिटनला भारताशी स्वतंत्र करार करता आला. बरोबर आहे. २४ जुलै २०२५ ला सही झाली. युरोपीय संघाशी आपली बोलणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ ते २०२२ अशी थिजली होती. वेग हा एकट्याचा फायदा आहेच, मान्य करून टाका. मग विचारा की त्यातून मिळालं ते गमावलेल्याच्या किती टक्के? कारण भारताशी असलेला ब्रिटनचा व्यापार युरोपशी असलेल्या व्यापाराच्या आसपासही नाही.

आणि भाषणाच्या सुरुवातीलाच समोरच्याला एक प्रश्न टाका: तुमचं 'बाहेर' कोणतं? नॉर्वेचं, तुर्कस्तानचं की कॅनडाचं? तो अडखळला तर मे २०२५ ची लंडनची बैठक काढा. तिथे ब्रिटनने खाद्यपदार्थांच्या तपासण्या कमी व्हाव्यात म्हणून युरोपच्या नियमांशी जुळवून घ्यायचं ठरवलं, आणि युरोपच्या बोटींना आपल्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी करू द्यायचं कबूल केलं. मासेमारीचं पाणी परत घेऊ, हे २०१६ च्या प्रचारातलं मोठं वचन होतं.